वाचकांचे प्रश्न : किल्ली कोणाकडे आहे?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका क वर्ग नगरपरिषदेत लिपिक आहे. नोकरीला लागून 14 महिने झाले. माझ्याकडे जन्म-मृत्यू नोंदणीचं टेबल आहे. गेल्या आठवड्यात मला आदेश आला की 'आपत्ती व्यवस्थापन नोडल अधिकारी' म्हणून माझी नेमणूक केली आहे आणि मी 'आपल्या स्तरावरून आवश्यक ती सर्व कार्यवाही करावी'. मुदत 1 जून ते 30 सप्टेंबर. आमच्या गावातून ओढा जातो. 2025 च्या सप्टेंबरात दोन वस्त्यांत कमरेइतकं पाणी आलं होतं, तेव्हा मी नवीन होतो आणि नुसता पळत होतो. सहकारी म्हणतात, लेखी नकार दे. घरचे म्हणतात, काही झालं तर तूच अडकशील. मी काय करावं? (एक वाचक, जि. सोलापूर)

उत्तर : नकार देऊ नका. पण हा आदेश आहे तसा खिशातही घालू नका.

तुमचं पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी 'आपल्या स्तरावरून आवश्यक ती सर्व कार्यवाही करावी' या ओळीखाली रेघ मारली. हीच ओळ मी 36 वर्षांच्या नोकरीत कितीतरी आदेशांवर टाइप केली आहे, आधी रेमिंग्टन टाइपरायटरवर, मग संगणकावर. कोणी करायचं, काय करायचं, कुठल्या सामानाने, कोणाच्या पैशाने, यातलं काहीही त्यात नसतं. आदेश निघाला म्हणजे काम झालं असं कचेरीला वाटतं, आणि पाणी येतं त्या रात्री कळतं की काम कोणालाच दिलेलं नव्हतं.

आधी घरच्यांच्या भीतीबद्दल. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम 2005 मध्ये कलम 56 आहे. या कायद्याखाली सोपवलेलं काम वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय किंवा कायदेशीर कारणाशिवाय नाकारलं, किंवा सोडून दिलं, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. म्हणून लेखी नकाराचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. पण त्याच कायद्यात कलम 73 पण आहे. सद्‌हेतूने केलेल्या कामाबद्दल अधिकारी-कर्मचाऱ्यावर दावा किंवा खटला चालत नाही. आणि कलम 41 तर तुमच्या मुख्याधिकाऱ्यांना आवर्जून दाखवा. कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं, साहित्य वापरायला तयार ठेवणं, मदत आणि पुनर्वसनाची कामं करणं, ही जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे अख्ख्या नगरपरिषदेवर टाकली आहे. जन्म-मृत्यूच्या टेबलावर नाही. नगरपरिषदेने आपला आराखडा करायचा हे कलम 32 मध्ये आहे, आणि त्यावर देखरेख जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा प्राधिकरणाची. तेव्हा तुम्ही एकटे नाही. सगळ्यांना आपापलं काम नीट मिळालं की नाही हे पाहणारा माणूस म्हणजे नोडल अधिकारी. सगळी कामं स्वतः करणारा माणूस असा त्याचा अर्थ घेतलात तर पहिल्याच पावसात तुम्ही आडवे व्हाल.

आता मी हे एवढं पोटतिडकीने का सांगते आहे, ते ऐका.

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेत कनिष्ठ लिपिक होते, घर कचेरीपासून तीन गल्ल्या. फळीवरचे डबे खाली आले, आम्ही मुलाला उचलून रस्त्यावर आलो. उजाडेपर्यंत सगळं गाव रस्त्यावरच होतं. सात वाजता कचेरीत पोचले तेव्हा वरून निरोप आला होता : पाण्याचे टँकर असतील तेवढे उमरग्याच्या वाटेने पाठवा. आमच्याकडे दोन टँकर होते. दोन्ही चांगल्या स्थितीत, आवारातच उभे. ड्रायव्हर रात्रभर विसर्जनाच्या मिरवणुकीची ड्युटी करून पहाटे आपल्या खेडेगावी निघून गेला होता, आणि किल्ली त्याच्या खिशात. दुसऱ्या टँकरची किल्ली भांडारपालाच्या कपाटात. कपाटाची किल्ली त्याच्याकडे, आणि तो सासुरवाडीला. डिझेलला पैसे हवे होते, ते कॅशबॉक्समध्ये. कॅशियर आला, पण मंजुरीची सही कोणाची हे ठरेना. शेवटी भांडाराचं कुलूप फोडलं. पेट्रोल पंपवाल्या शेटजींनी उधारीवर टाकी भरून दिली. पहिला टँकर साडेदहाला गेला.

साडेतीन तास. तिकडे माणसं दगडाच्या आणि मातीच्या भिंतींखाली होती.

त्या दिवशी कोणीही कामचुकारपणा केला नाही. सगळे धावत आले होते, रडत होते, काय करू म्हणून विचारत होते. कोणालाही दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली कुठे असते हे माहीत नव्हतं, एवढंच. नंतरच्या सोमवारी मी एक शंभर पानी वही घेतली आणि वरती लिहिलं 'किल्ल्या'. निवृत्त झाले तेव्हा तिसरी वही चालू होती.

म्हणून माझं सांगणं, आदेश बदलून घ्या. मुख्याधिकाऱ्यांकडे भांडायला जाऊ नका, स्वतःच मसुदा करून न्या. तयार कागद समोर आला की सही होते, हा माझा अनुभव आहे. त्या मसुद्यात 'पाणीपुरवठा विभाग' असं लिहू नका. माणसाचं नाव लिहा, त्याच्या खाली दुसऱ्या माणसाचं नाव लिहा, दोघांचे मोबाइल नंबर लिहा. विभागाला फोन लावता येत नाही. दुसरं नाव तर हवंच हवं, कारण माणूस आजारी पडतो, लग्नाला जातो, आणि पुराच्या दिवशी तो ओढ्याच्या पलीकडच्या काठाला राहत असेल तर इच्छा असूनही येऊ शकत नाही. ही शेवटची गोष्ट फार लोक विसरतात. तुमच्या कर्मचाऱ्यांपैकी कोण ओढ्याच्या कुठल्या बाजूला राहतं याची यादी आजच काढा. पहिलं आणि दुसरं नाव एकाच काठावरची नकोत.

काम देताना मनाशी एक गोष्ट पक्की ठेवा : ज्याला रोज जे करायची सवय आहे त्याच्या जवळचंच काम त्याला द्या. रात्री दोन वाजता अंधारात, पावसात माणूस नवीन काही शिकत नाही. पंपचालकाला पंप, व्हॉल्व्ह आणि जनरेटर. वीज तोडायची तर महावितरणच्या कुठल्या वायरमनला फोन करायचा, हे पण पंपचालकालाच बरोबर माहीत असतं, रोजचा संबंध असतो त्याचा. करवसुलीच्या लिपिकाला घराघरात माणसं किती याचा अंदाज असतो, त्याला निवाऱ्यात आलेल्या लोकांची नोंद द्या. बांधकाम अभियंत्याला जेसीबी, पडलेली झाडं, पडायला आलेल्या भिंती. आणि तुम्हाला स्वतःला काय? तुम्ही नोंदी ठेवणारे आहात. तुम्ही नियंत्रण कक्षाची नोंदवही घ्या. किती वाजता कोणाचा फोन आला, काय सांगितलं, कोणाला पाठवलं, तो किती वाजता पोचला. चार रकाने. पुढे चौकशी झाली, किंवा कोणी म्हणालं की आम्ही कळवलं होतं पण कोणी आलं नाही, तर ती वही तुमच्या बाजूने बोलेल. शिवाय त्या रात्री पण तीच कामाला येते, कारण दर अर्ध्या तासाने पाहिलं की कळतं, कोणाला पाठवलं आणि तो अजून पोचलेला नाही.

आता मुकादमांबद्दल. बहुतेक आदेशांत सफाई कामगारांचा उल्लेख शेवटून दुसऱ्या ओळीत असतो, 'आवश्यकतेनुसार मनुष्यबळ' म्हणून. याचा मला आजही राग येतो. आमच्या आरोग्य विभागात एक मुकादम होते, शाळा चौथीपर्यंत. एकदा ओढ्याला पाणी आलं तेव्हा त्यांनी एकही कागद न बघता सांगितलं की खालच्या आळीत तिसऱ्या घरात आजी अंथरुणाला खिळून आहेत, पिंपळाजवळच्या घरात बाळंतीण आहे, आणि कोपऱ्यातले दोघं नवरा-बायको दोघंही ऐकू न येणारे आहेत, त्यांना भोंगा कळणार नाही, दार ठोठावूनही उपयोग नाही, आत जाऊन हलवावं लागेल. रोज पहाटे त्या गल्ल्यांतून ते जात होते म्हणून त्यांना ठाऊक. आम्ही तीन टेबलांवर बसणाऱ्या माणसांना यातलं काही माहीत नव्हतं. तुमच्या मुकादमांना बोलवा, खुर्ची द्या, चहा मागवा आणि त्यांच्या तोंडून वस्तीवार यादी लिहून घ्या. डायलिसिसला जाणारे, गरोदर बायका, चालता न येणारे, एकटे राहणारे म्हातारे. ती यादी दर महिन्याला त्यांच्याच तोंडून दुरुस्त करा. आणि वस्ती रिकामी करायचं काम आदेशात त्यांच्या नावावर लिहा, मानाने.

इशारा द्यायला घंटागाडी आहेच. तिला स्पीकर असतो, ती प्रत्येक गल्लीत जाते, ड्रायव्हरला वळणं पाठ असतात. तिच्यासाठी दोन-तीन निरोप आधीच रेकॉर्ड करून पेनड्राइव्हमध्ये ठेवा. साध्या भाषेत. 'सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे' असं नको. 'ओढ्याचं पाणी वाढतंय, खालच्या आळीतल्या लोकांनी आत्ता अमुक शाळेत या, शाळा उघडी आहे, औषधं आणि रेशनकार्ड बरोबर घ्या' असं हवं.

आणि शाळा खरंच उघडी असली पाहिजे. मुकादमांनी ज्या रात्री ती तीन घरं सांगितली, त्याच रात्री आम्ही शंभरावर माणसं शाळेच्या फाटकाशी आणून उभी केली, आणि फाटकाला कुलूप. मुख्याध्यापक सोलापूरहून ये-जा करणारे. शिपाई सापडेपर्यंत बायका-मुलं पाऊण तास पावसात. आत गेल्यावर नळाला पाणी नाही, कारण सुट्टीत टाकी कोणी भरली नव्हती, आणि बायकांच्या शौचालयाला वेगळं कुलूप. आदेशात शाळेचं नाव होतं. किल्लीचं, टाकीचं, शौचालयाचं नाव नव्हतं. त्यानंतर माझ्या वहीत प्रत्येक निवाऱ्यासाठी एक पान झालं : किल्लीची दुसरी जोडी कचेरीत पितळी बिल्ल्यासह टांगलेली, टाकी कोण भरणार, जेवण कोण स्वीकारणार. जेवणाचंही ठरवा बरं का. गावातली चार मंडळं चार पातेली खिचडी एकाच वेळी आणून देतात, ती दुपारपर्यंत आंबते, आणि रात्रीला काही उरत नाही. आपल्याकडे कडक भाकरी आणि शेंगाचटणी आहे. ती दिवसेंदिवस टिकते, पाणी लागत नाही, तान्ह्या पोराच्या आईलाही हातात धरून खाता येते. मंडळांना आधीच सांगून ठेवा, कोणी कडक भाकरी द्यायची आणि कोणी ताजं जेवण, कुठल्या वेळी.

पैशाचं. जेसीबी, ट्रॅक्टर, टँकर, डिझेल, भाड्याचे पंप यांचे दर पावसाळ्यापूर्वी रीतसर मागवून मंजूर करून ठेवा. अधिनियमाच्या कलम 50 प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाची खात्री पटली तर निविदा न काढता तातडीची खरेदी करायला ते अधिकृत करू शकतं. पण ते अधिकृत करणं त्यांच्या हातात आहे, तुमच्या नाही. रात्री एक वाजता ते मिळवत बसण्यापेक्षा मंजूर दरपत्रक कपाटात असलेलं बरं. आणि जेसीबी मालकाचा नंबर नुसता नको, जेसीबी चालवणाऱ्या पोराचा हवा. मालक फोन उचलून हो म्हणतो, चालवणारा गावाला गेलेला असतो.

आता तुमच्या आदेशातली सगळ्यात चुकीची गोष्ट. 30 सप्टेंबर. नियंत्रण कक्ष 1 जून ते 30 सप्टेंबर चालवायची पद्धत सगळ्या राज्यात आहे, कोकणाला ती शोभते. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. जून-जुलैत आपण आभाळाकडे बघत बसतो आणि परतीचा पाऊस येतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात. 14 ऑक्टोबर 2020 आठवा. पंढरपूरला कुंभार घाटाची भिंत कोसळून 6 माणसं गेली, तो ऑक्टोबर होता. सीना नदीचा 2025 चा पूर सप्टेंबरच्या शेवटच्या दहा दिवसांतला. माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, किती गावं पाण्यात. पुणे महामार्ग लांबोटीपाशी बंद करावा लागला. ज्या तारखेला आपल्याकडे धोका ऐन भरात असतो त्या तारखेला तुमच्या आदेशाची मुदत संपते. ती 31 ऑक्टोबरपर्यंत वाढवून घ्या. खरं तर तारीखच नको, कारण भूकंप, आग, उन्हाची लाट आणि यात्रेतली गर्दी मोसम विचारून येत नाहीत. मे महिन्याची दुपार आपल्याला ठाऊक आहे. 18 मे 2025 ला अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेल कारखान्याला आग लागून 8 जीव गेले, त्यात तान्हं मूलही होतं. पावसाळ्याचा आदेश त्या दिवशी कुठल्याच कचेरीत निघालेला नसतो. 'पुढील आदेशापर्यंत' एवढंच लिहा.

पाणी कुठून येतं हे पण तुम्हाला पाठ हवं. तुमचा ओढा कुठल्या नदीला मिळतो तिला पूर असला तर ओढ्याचं पाणी पुढे सरत नाही, मागे फुगतं, तुमच्या गावात पाऊस नसला तरी. भीमाकाठी असाल तर उजनीचा विसर्ग एकटा बघून चालत नाही, वीर धरणातून नीरेत सोडलेलं पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेत येऊन मिळतं, दोन्हींची बेरीज करायची. सीनाकाठी असाल तर कोळेगाव धरणाचा विसर्ग. आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटर, एक लाख क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लाख लिटर. पण तुमच्या गावापुरता अर्थ त्या आकड्याला तुम्हीच द्यायचा आहे. किती क्युसेकला पुलाची कुठली पायरी बुडते, किती झाल्यावर खालच्या आळीत पाणी शिरतं, हे म्हाताऱ्या कोळ्यांना, घाटावरच्या पुजाऱ्यांना विचारा आणि पुलाच्या खांबावर लाल पट्टे मारून घ्या. पहिला पट्टा बुडाला की मुकादम निघाले. कोणी कोणाला विचारायचं नाही, परवानगी मागायची नाही. कोणत्या खुणेला कोण आपोआप निघतं हे ठरलेलं असेल तरच आदेशाला अर्थ आहे. कारण मदत लांबून येते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याला जवळची तुकडी पुण्याजवळ सुदुंबरेला, राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. ती माणसं जिवावर उदार होऊन येतात, पण रस्त्याचे तास लागतातच. पहिले सहा तास तुमच्या गावाचे तुम्हीच. आपदा मित्र या स्वयंसेवकांच्या योजनेत 12 दिवसांचं प्रशिक्षण घेतलेली पोरं तुमच्या तालुक्यात कोण आहेत ती नावं जिल्हा आपत्ती कक्षातून मागवा. दोर आणि लाइफ जॅकेट कसं वापरायचं ते त्यांना येतं.

नगरसेवकांचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ती अडचण येणार. डिसेंबर 2025 च्या निवडणुकीनंतर बऱ्याच वर्षांनी कचेऱ्यांत निवडून आलेली माणसं आली आहेत, आणि त्यांना काम करून दाखवायचं आहे. ही चांगली गोष्ट आहे. त्यांना काम दिलं नाहीत तर ते जेसीबीवाल्याला परस्पर फोन करून आपल्या वॉर्डात नेतील, त्यात त्यांचा दोष नाही, लोक त्यांच्या दारात रडत असतात. प्रत्येक निवाऱ्याला एक नगरसेवक पालक म्हणून नेमा. लोकांची समजूत घालणं, घर सोडायला न तयार म्हाताऱ्यांना बाहेर काढणं, हे ते आपल्यापेक्षा फार चांगलं करतात. पण वाहनं आणि यंत्रं फक्त नियंत्रण कक्षातून हलतील, हे नगराध्यक्षांच्या तोंडून बैठकीत सगळ्यांसमोर वदवून घ्या. इतिवृत्तात लिहा.

पाणी ओसरल्यावरचं काम आदेशात कधीच नसतं. चिखल, मेलेली जनावरं, विहिरी. टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग) पावडर किती गोणी आहे, ती जुनी होऊन निर्जीव झाली आहे का, आणि नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी चाचणी (पाण्यात क्लोरिन उरलं आहे का ते पाहणारी) कोण घेणार, त्याचं नाव घाला. पंचनामे महसूलचे तलाठी करतात, लोक मात्र तुमच्या दारात येतात, तेव्हा तलाठ्याचा नंबर दारावर लावा म्हणजे निदान हेलपाटे वाचतील.

एवढं झालं की एखाद्या रविवारी रात्री नऊ वाजता, कोणालाही आधी न सांगता, सगळ्या नावांना फोन लावा. किती उचलतात, किती वेळात कचेरीत पोचतात, जनरेटर सुरू होतो का, शाळेचं फाटक उघडतं का. पहिल्यांदा फार वाईट निकाल येईल. रागावू नका. तो निकाल सोमवारी मुख्याधिकाऱ्यांपुढे ठेवा, आणि महिन्याने परत फोन लावा.

प्रश्न : आम्ही सोलापूर शहरात आदिला नदीच्या काठाजवळ राहतो. दरवेळी पाणी वाढलं की गल्लीत वाद होतो, कोणाला फोन करायचा? नगरसेवक, महापालिका की पोलीस? (एक गृहिणी, सोलापूर)

उत्तर : वहिनी, जीव धोक्यात असेल तर 112. आग लागली तर 101, रुग्णवाहिकेला 108, जिल्हा आपत्ती कक्षाला 1077. हे चार आकडे दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटवा, मोबाइलची बॅटरी गेली की पाठ असलेलंच उपयोगी पडतं. नगरसेवकांना फोन करा, पण नंतर.

आदिलाचं पाणी नुसतं शहरातल्या पावसाचं नसतं. वर ब्रिटिश काळातला एकरुख तलाव आहे, आपण ज्याला हिप्परगा म्हणतो. तो भरून सांडायला लागला की पाऊस थांबला तरी आदिला चढतच राहते. म्हणून हिप्परगा भरत आल्याची बातमी आली की त्या रात्री तळमजल्यावर झोपू नका. 2025 मध्ये केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती झाली आहे. त्यानुसार महापालिका असलेल्या शहरांसाठी महापालिका आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली वेगळं शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण राज्य सरकारला नेमता येतं. तेव्हा आपल्या वस्तीचा आराखडा काय, निवारा कुठला, त्याची किल्ली कोणाकडे, हे झोन कार्यालयात जाऊन अर्जाने विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दहा जणी मिळून जा.

प्रश्न : माझे मालक नगरपरिषदेत सफाई कामगार आहेत, ठेकेदाराकडून. गेल्या पुरात त्यांना रात्री दीड वाजता बोलावलं, चपलेवर. तुंबलेल्या गटारात उतरायला सांगितलं, ते उतरले. पायाला जखम होऊन महिना घरी होते, पगार नाही. यंदा परत बोलावलं तर जावं का? (एक भगिनी)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला रात्री झोप आली नाही. वर मी मुकादमांबद्दल लिहिलं, त्याच माणसांची ही दुसरी बाजू आहे.

कामावर त्यांनी जावं. गावाला त्यांच्याशिवाय कोण आहे? पण गटारात, मॅनहोलमध्ये उतरायला सुरक्षा साधनांशिवाय कोणीही सांगू शकत नाही. 2013 चा कायदा आहे, त्याने गटार आणि सेप्टिक टँकची अशी धोकादायक सफाई करून घेण्यावर बंदी घातली आहे, आणि पूर आहे म्हणून ती उठत नाही. कायम कामगार असो की ठेकेदाराचा, त्याने फरक पडत नाही. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला 30 लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये सांगितलं. ही रक्कम कोणाच्याही घरात येऊ नये, म्हणून आधीच बोला.

गमबूट, हातमोजे, रेनकोट, बॅटरी आणि धनुर्वाताची लस हे सगळं मे महिन्यातच मिळालं पाहिजे. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजाराला आळा घालणाऱ्या गोळीबद्दल सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना विचारा, साचलेल्या पाण्यात काम करणाऱ्यांना पायाच्या जखमेतून तो आजार होतो. अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नका, सगळ्या कामगारांच्या सह्या घ्या, एक प्रत ठेकेदाराला, एक मुख्याधिकाऱ्यांना, आणि तिसऱ्या प्रतीवर कचेरीकडून आवक क्रमांक घालून घेऊन ती घरी ठेवा. गेल्या वर्षीच्या महिन्याच्या पगाराबद्दल त्याच अर्जात शेवटी लिहा. दवाखान्याचे कागद, त्या रात्री आलेल्या फोनची मोबाइलमधली नोंद, सोबत उतरलेल्या दोघांची नावं. अर्ज कसा लिहायचा ते समजत नसेल तर हा अंक छापून आल्यावर मासिकाच्या पत्त्यावर मला परत लिहा, मी अर्ज लिहून पाठवते.

आणि त्यांना बोलावणं येईल तेव्हा तुम्ही फोन घ्या आणि तीन गोष्टी विचारा : बोलावणाऱ्याचं नाव काय, कुठल्या ठिकाणी जायचंय, बूट कुठे मिळणार. घरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात वेळेसकट लिहून ठेवा.